आमच्या सेतूवाल्या पोरीला, अमेरिका पाहून आलेल्या काकूकडून

प्रिय बेटा,

हे पत्र मी तुझ्या दुकानात येऊन हातात देऊ शकली असती, पण समोर काही बोलायला गेलं की तू "जाऊ द्या ना काकू, त्यात काय एवढं" म्हणते आणि पुढच्या माणसाचा आधार नंबर टाकायला लागते, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिली. तुझं नाव लिहू नका असं तू बजावलं होतं, ते पाळते. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तीन-चार गावातल्या कोणीही हे वाचलं तर त्याला बरोबर समजेल कोणाबद्दल आहे ते, त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली, आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता घरचं वावर पाहतात. मुलगा आणि सून टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात. नातू जन्मला तेव्हापासून आम्ही त्याला मोबाइलवरच पाहिलं, तो स्क्रीनला हात लावायचा आणि इकडं हे दोन दोन दिवस जेवताना त्याचीच गोष्ट काढायचे. मुलगा म्हणे या, तिकीट मी काढतो. पण पासपोर्ट, व्हिसा हे सगळं तिकडून फोनवर कसं होणार? आपल्याकडं रात्रीचे आठ वाजले की त्याच्याकडं सकाळ होऊन तो ऑफिसला निघाला. तो म्हणाला एखादा एजंट पाहा. पाहिला. शहरातल्या एका एजंटनं माणशी पंचवीस हजार सांगितले, व्हिसाची फी वेगळी, वर म्हणे कागद असे बनवून देतो की नाही म्हणणारच नाही. कागद 'बनवून' देतो हे ऐकूनच हे उठले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आपण नाही जात बापा, पोरालेच येऊ दे इकडं."

आणि मग जमिनीचा आठ-अ काढायला म्हणून मी तुझ्याकडं आली. सहज बोलता बोलता सांगितलं. तू प्रिंट काढता काढताच म्हणाली, "काकू, पासपोर्टचे फॉर्म मी भरते. अमेरिकेचा अजून भरला नाही, पण वाचून पाहते. तुम्ही आधी दोघांचेही सगळे कागद घेऊन या, झेरॉक्स नाही, ओरिजिनल."

तू ते कागद कसे पाहिले हे मला लोकांना सांगायचं आहे. टेबलावरचं बाकीचं सगळं बाजूला सारून तू यांचं आधार, पॅन, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक असं एकाखाली एक लावलं आणि जन्मतारखेवर बोट ठेवत गेली. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै. आधारवर १ जानेवारी. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून नाहीतर १ जुलै लिहून मोकळे व्हायचे, खरी तारीख कोणाच्या घरी लिहून ठेवलेली होती! आणि आधार काढताना नुसतं साल सांगितलं तर तिथं १ जानेवारी पडली. इतक्या वर्षांत कोणाचंच तिकडं लक्ष गेलं नाही, गॅस मिळाला, पेन्शन मिळाली, चाललं. तू सांगितलं की आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे घाई नको, आधी शाळेतून दाखल्याची नवी प्रत आणा, मग आधार, मग पॅन, आणि सगळं जुळल्यावरच पासपोर्टला हात लावू. यात वेळ गेला, हे चिडले पण होते. पण नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच्या मुलीनं कागद पाहिले आणि एक शब्द न विचारता पुढं पाठवलं. आमच्या बाजूला बसलेलं एक जोडपं मात्र तारखेच्याच घोळापायी परत गेलं बिचारं. माझ्यासाठी तू पेन्शनची ऑर्डर लावली, सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्यांना जन्मतारखेला तो कागद चालतो हे मला स्वतःला माहीत नव्हतं. आणि ६० च्या वरच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूट असते, १५०० चे १३५० लागतात, हेही तूच सांगितलं. दुसऱ्या कोणी पंधराशे घेतले असते तर आम्हाला काय समजणार होतं.

व्हिसाचा फॉर्म तू भरला ते दिवस लाडक्या बहिणीच्या फॉर्मचे, २०२४ चा पावसाळा. तुझ्या दुकानासमोर सकाळपासून बायांची लाइन, सर्व्हर बंद, कोणाचा ओटीपी येत नाही, कोणाचं लेकरू रडून राहिलं. म्हणून तू आम्हाला रात्री जेवण झाल्यावर बोलवायची. तो डीएस-१६० फॉर्म, बापरे. आईबापाच्या जन्मतारखा, पाच वर्षांत कोणकोणत्या देशात गेले, कोणतं सोशल मीडिया वापरता. वीस मिनिटं हात लावला नाही तर फॉर्म आपोआप बंद पडते म्हणून तू अर्जाचा नंबर सगळ्यात आधी वहीवर लिहून ठेवला, आणि बरं केलं, लाइन गेलीच. इन्व्हर्टर दमला तर तू मोबाइलच्या नेटवर पुढचं पान भरलं.

प्रत्येक प्रश्न तू मोठ्यानं वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची, आम्ही उत्तर दिल्याशिवाय टिचकी मारायची नाही. तुम्ही कधी दहशतवादी कारवायांत होते का असा प्रश्न आला तेव्हा यांचा चेहराच उतरला, "मले असं काहून विचारते?" तर तू हसली नाहीस, नीट समजावून सांगितलं की हे सगळ्यांनाच विचारतात, राजाला पण आणि रंकाला पण. मला वाटलं होतं आपण सही करायची आणि पोरगी भरून देईल. तू तसं होऊ दिलं नाही. "काकू, तिथं खिडकीवर मी नसते, तुमच्या कागदावर काय लिहिलं ते तुम्हाला माहीत पाहिजे" हे तुझं वाक्य माझ्या पक्कं डोक्यात बसलं. फीपण मोठी, माणशी १८५ डॉलर, व्हिसा नाही मिळाला तरी ते पैसे परत येत नाहीत, म्हणून पैसे भरायच्या आधी तू सगळा फॉर्म पुन्हा पहिल्या पानापासून वाचून दाखवला होता.

बोटांचं तर मी कोणालाही सांगते. यांची सगळी नोकरी पाना, ऑइल आणि ग्रीसमध्ये गेली, त्यात आता वावरातलं काम, बोटं अगदी गुळगुळीत होऊन गेलेली. रेशन दुकानात यांचा अंगठा कधीच पहिल्यांदा उमटत नाही. व्हिसासाठी मुंबईला दहाही बोटांचे ठसे घेतात हे तुला माहीत होतं. तू यांना बरेच दिवस आधीपासून रोज रात्री खोबरेल तेल चोळायला लावलं, वावरात फवारणी-खताला हात लावू नका काकाजी म्हणून दम दिला, आणि मशीनवर हात ठेवायच्या आधी बोटं कोरड्या रुमालानं पुसा, जोरात दाबू नका हेही सांगितलं. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो, भाच्याकडं उतरलो. ठसे उमटले. बाहेर आल्यावर हे आधी स्वतःच्या बोटांकडंच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत. फोन आत नेता येत नाही हे तू आधीच सांगितल्यामुळे ते भाच्याच्या घरीच ठेवले. मराठीतून बोलता येते, तसं मागा, लाजू नका, हेही तू सांगितलं होतं, म्हणून मागितलं. खिडकीवरच्या मॅडमनं यांना विचारलं की किती दिवस राहणार, परत कशासाठी येणार. हे म्हणाले, "ऑक्टोबरात हरभरा पेराचा आहे, अन् नोव्हेंबरात हिचा पेन्शनचा हयातीचा दाखला." एवढंच. खरं तेच आणि थोडक्यात, तू सांगितलं होतं तसं. व्हिसा मिळाला. एजंटच्या बनवलेल्या कागदांवर आम्ही त्या खिडकीपुढं कसे उभे राहिलो असतो याचा विचार आला तरी मला आजही कसंतरी होते.

बॅग भरायच्या वेळेसही मी तुलाच हैराण केलं. कुरडया, सांडगे, जवसाची चटणी, मिरचीचं तिखट यावर तू काही बोलली नाहीस, फक्त उतरल्यावर खायचे पदार्थ आहेत असं स्वतःहून सांगायचं, लपवायचं नाही म्हणाली. पण सुनेच्या अंगणासाठी मी वालाचं आणि दोडक्याचं बी पुडीत बांधलं होतं आणि गोडलिंबाच्या फांद्या पेपरात गुंडाळल्या होत्या, ते दोन्ही तू काढायला लावलं. बियांना तिकडं वेगळं सर्टिफिकेट लागते, आणि गोडलिंबाच्या पानावरून संत्र्याच्या झाडाला रोग पसरवणारी सायला कीड जाते म्हणून ती पानं नेऊच देत नाहीत. माझं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागेत वाढलेली मी, सायला काय करते ते मला सांगायला नको, मी गुमान काढून ठेवलं. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव, हे तू स्वतः दवाखान्यात फोन करून लिहून घेतलं. त्याचा तिकडं खरंच उपयोग झाला, यांच्या बीपीच्या गोळ्या मागं-पुढं झाल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरला चिठ्ठी पाहूनच समजलं.

आणि तो लॅमिनेशनचा कागद. एका बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरात, आम्हाला डॅलसच्या गेटपर्यंत न्या, यांना गुडघ्यामुळे व्हीलचेअर बुक केली आहे, खाली मुलाचा नंबर. दुसऱ्या बाजूला आमच्यासाठी मराठीत. नागपूरहून विमान पहाटे, दोहापर्यंत साधारण चार तास, तिथं उतरल्यावर बॅगा घ्यायच्या नाहीत त्या आपोआप पुढं जातात, मधात मोठं पिवळं अस्वल दिसेल ते पाहून घाबरू नका ते शोभेचं आहे, पुढच्या विमानात सोळा तास, दर दोन तासांनी उठून पाय मोकळे करा, पाणी प्या, संडासाचं दार मधात दाबलं की उघडते, फ्लश दाबला की मोठा आवाज येते. हे सगळं तू लिहिलं, जिनं विमानतळ बाहेरूनही पाहिलं नाही. कधी वाचलं, कोणते व्हिडिओ पाहिले, किती रात्री जागली, मला माहीत नाही, तू कधी बोलली नाहीस.

दोहाला खरंच ते अस्वल दिसलं, घराएवढं, आणि हे व्हीलचेअरवरून ओरडले, "हे पाह्य, पोरीनं लिवलं होतं ते!" व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराला काही समजलं नाही पण तोही हसला. त्यानंतर माझी भीती गेली ती गेलीच. डॅलसला उतरल्यावर साहेबानं ठसे घेतले, कोणाकडं आले विचारलं, खायचं काही आहे का विचारलं, मी आहे म्हटलं आणि काय काय ते सांगितलं. सहा महिन्यांची मुदत दिली. बाहेर मुलगा उभा होता, सुनेच्या कडेवर नातू. त्यानं आधी मला नाही, यांना ओळखलं, मिशीवरून.

तिकडचं सगळं सांगत बसत नाही, तुला फोटो पाठवलेच आहेत. एक सांगते. मुलानं एका रविवारी गाडीनं डॅलसच्या खाली दूरवर नेलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, आपल्या इकडच्यासारखाच पांढरा, पण वावरात एकही बाई नाही, एकच मशीन सगळी वेचणी करून राहिलं. हे गाडी थांबवायला लावून बराच वेळ पाहत उभे राहिले. आपल्या गावातल्या वेचणीच्या बाया किलोमागं पैसे मोजून घेतात, त्यांचं काय होईल असं मशीन इकडं आलं तर, हाच विषय परत येईपर्यंत चालला.

आता पैशाचं. हिशोब मी वहीत लिहून ठेवला आहे. तू आमच्याकडून फॉर्मचे ठरलेले पैसे, प्रिंटचे आणि लॅमिनेशनचे तीस रुपये घेतले. परत आल्यावर मी पाकीट दिलं तर तू ते माझ्याच पिशवीत परत टाकलं. सासूबाईंना लुगडं आणि तुझ्या लेकीला फ्रॉक तेवढा घेतला. बेटा, हे मला पटलं नाही. तुझं दुकान काही धर्मादाय नाही, भाडं आहे, नेटचं बिल आहे, पीक विम्याच्या सीझनमध्ये तू दुपारचं जेवण चारला जेवते ते मी पाहते. लोक तुला "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणतात आणि वीस रुपयांसाठी घासाघीस करतात, त्याच लोकांना मी इथून हात जोडून सांगते की त्या दोन मिनिटांत ही पोरगी तुमची जन्मतारीख, तुमचं नाव, तुमची पेन्शन वाचवून राहिली, तिला तिचे पैसे द्या आणि लाइनमध्ये उभं असताना आवाज चढवू नका.

तर आता कामाचं. दिग्रसकडचे आमचे एक ओळखीचे आहेत, गुरुजीच, त्यांना मुलीकडं ऑस्ट्रेलियाला जायचं आहे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना तुझं दुकान सांगितलं आहे, सोमवारी येतील, सगळे ओरिजिनल कागद घेऊनच या म्हणून बजावलं. त्यांच्याकडून पूर्ण पैसे घे. घेतले की नाही ते मी त्यांनाच विचारणार आहे. आणि लाइन संपली की एक दिवस लेकीला घेऊन घरी जेवायला ये, यांनी वांग्याच्या भरताची वांगी तुझ्यासाठी झाडावरच ठेवली आहेत.

तुझी,
काकू