फॅट कमी लागते? कांडीवरचा वळूही तपासा

संपादक महोदय,

सिन्नर-निफाडकडे संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला ३.५ टक्क्यांच्या खाली फॅट (स्निग्धांश) लागले की दोष थेट पेंडीला दिला जातो. चाऱ्याचा वाटा आहेच. पण एकाच दावणीच्या गाईंमध्ये फॅटचा जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा आनुवंशिक असतो. गाय किती लिटर दूध देते, त्यात हा वाटा बराच कमी.

'डीजीएटी १' हे जनुक यात मुख्य. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात २३२ व्या जागी लायसीन हे अमिनो आम्ल असले तर फॅट वाढते, दूध थोडे घटते. ॲलनिन हे दुसरे अमिनो आम्ल असले तर उलटे. देशी गाय आणि म्हैस बहुतांश लायसीनवाल्या, परदेशी होल्स्टीन गाईंमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. फरक नुसता टक्क्यांचा नाही. लायसीनवाल्या गाईच्या स्निग्धांशात पामिटिक हे घट्ट मेदाम्ल जास्त आणि ओलेइक हे लवकर वितळणारे मेदाम्ल कमी असते. 'एससीडी' हे दुसरे जनुक स्टीअरिक या घट्ट मेदाम्लाचे ओलेइक करते. जपानच्या वाग्यू गुरांच्या मांसातली चरबी कमी तापमानाला वितळते, त्यामागे त्याचाही हात आहे.

म्हणून कृत्रिम रेतनासाठी वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी भरून घेताना वळूच्या आईचे लिटर विचारून थांबू नका, त्याच्या मुलींची फॅट टक्केवारी विचारा. २० किलो दूध ३.२ फॅटने ६४० ग्रॅम स्निग्धांश देते, १५ किलो ४.४ ने ६६० ग्रॅम. तेही कमी खुराकात. मात्र इगतपुरी-पेठच्या डांगी गाईला फॅटच्या लोभाने जर्सीची कांडी भरू नये. तिचे फॅट मुळात चांगले असते, आणि तिथल्या धुवाधार पावसात टिकणारे तिचे अंग संकरात हातचे जाते.

आठवड्याभरात फॅट घसरले, तर मात्र वळूला बोल लावू नका. मक्याचा भरडा वाढला, कडबा कमी झाला किंवा चाऱ्याची कुट्टी फार बारीक झाली की असे होते. धारही पाहा: पहिल्या धारेत फॅट एक-दोन टक्के, शेवटच्या धारेत त्याच्या कितीतरी पट. शेवटची धार वासराला सोडली किंवा कास पुरती रिकामी केली नाही, तर कॅनमध्ये पातळ दूधच जाते. नमुना काढण्याआधी कॅन तळापासून ढवळलेला असावा.

वर्षभर, सगळ्या ऋतूंत, चारा बदलूनही तीच गाय कमी लागत असेल, तर ते रक्तातले. ते फक्त पुढच्या पिढीत सुधारते. आज भरलेल्या कांडीची कालवड विऊन दुधावर यायला साडेतीन वर्षे लागतात, म्हणून कांडी भरताना वळूचा क्रमांक गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासोबत वहीत लिहून ठेवा.

— एक पशुपालन अभ्यासक, नाशिक