शिट्टी कुठून येतेय

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यापासून जीव तू बनवलेल्या त्या गिटार अँपच्या बोर्डातच अडकलाय. आवाज अर्ध्यावर नेला की कर्कश शिट्टी, आणि गिटार मात्र विहिरीतून आल्यासारखी. 'नवीन आयसी आणते, नाहीतर सगळं फेकूनच देते,' म्हणालीस. फेकू नकोस गं. एलएम ३८६, म्हणजे आवाज मोठा करणारी तुझी ती आयसी, सहजासहजी मरत नाही, आणि फोटो मोठा करून बघितला तर तुझे सोल्डरचे डागही चकचकीत दिसतायत.

आधी बॅटरी बघ. अँप वाजत असतानाच मीटर लाव. सुटी बॅटरी ९ दाखवते आणि काम पडलं की बसते. आवाज वाढवल्यावर मोटरबोटीसारखं टप टप टप झालं तर बहुधा तीच उतरलेली असते.

मग मीटरचं काळं टोक आयसीच्या ४ नंबरच्या पायावर, म्हणजे ग्राउंडवर ठेव आणि लाल ५ वर, जिथून आवाज बाहेर पडतो. तिथे बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास यायला हवेत. आले तर आयसी बदलू नकोस. टोक घसरून ५ आणि ६ एकत्र टेकणार नाहीत एवढं सांभाळ. शून्य किंवा पूर्ण नऊ आले तर आयसीखालच्या तांब्याच्या पट्ट्या बघ. त्या मधे कापल्या नसतील तर ४ ला ५ आणि ३ ला ६ जोडले जातात. आणि बोर्ड उलटा केला की पायांचे नंबर आरशातल्यासारखे फिरतात. तिथे भलेभले चुकतात.

मला कारखान्यात लागून दोनच महिने झाले होते, तेव्हा माझ्या हातचा एक रेडिओ तीनदा परत आला. मी भाग बदलत राहिले. ट्रान्झिस्टर बदलला, कंडेन्सर बदलले. शेवटी भिंगाखाली दोन डागांच्या मधे केसाएवढा कथलाचा धागा दिसला. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली त्या दिवशी, घरी येऊन रडले. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी एकही भाग काढलेला नाही.

आता बोट. व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला हलकेच बोट लाव. स्पीकरमधून 'घुंऽऽ' आलं की तिथून पुढचं सगळं ठीक. मग गिटार जिथे खोचतेस त्या जॅकच्या टोकाला लाव. जिथे घुं बंद पडेल, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात खोट. हे फक्त बॅटरीवरच्या अँपला हं. मेनवर चालणाऱ्या अँपमधे बोट घालायचं नाही, कधीच नाही.

शिट्टीचं कारण मात्र मला फोटोतच दिसतंय. जॅककडून येणारी वायर आणि स्पीकरकडे जाणारी वायर तू एकत्र पिळून टेप लावून बांधलीस. नीटनेटकं दिसावं म्हणून केलंस, कळतं मला. पण १ आणि ८ च्या मधे १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे, म्हणजे आवाज दोनशे पट होतोय. बाहेर पडलेल्यातलं थोडंसं जरी शेजारच्या वायरीतून परत आत शिरलं, तरी ते पुन्हा दोनशे पट होतं आणि फिरत राहतं. ती गाठ सोड. एक वायर डावीकडून ने, दुसरी उजवीकडून. जॅकची वायर शील्डची, म्हणजे जाळीच्या वेष्टणाची घे. तरी शिट्टी आली तर तो कंडेन्सर एका पायाने उचलून बघ. तो सुटला की आवाज वीसच पट होतो. त्यावर शिट्टी थांबली, तर चूक मांडणीतच आहे. ५ नंबरवरून ग्राउंडला जाणारी १० ओहमचा रेझिस्टर आणि ४७३ छापलेल्या कंडेन्सरची जोडीही मला दिसली नाही. ती घाल.

गिटार दबकी येते, त्याचं कारण वेगळं. व्हॉल्यूमला तू १० के, म्हणजे १० किलोओहमचा पॉट लावलायस. गिटारच्या पिकअपमधे बारीक तारेचे हजारो वेढे असतात, त्याला एवढं ओझं ओढवत नाही, वरचे सूर तर आधी जातात. जॅक आणि व्हॉल्यूमच्या मधे एक एफईटी, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर घाल, त्याच्या गेट नावाच्या पायावरून ग्राउंडला १ मेगओहमचा रेझिस्टर. पुण्यात तापकीर गल्लीत मिळेल, दोन-तीन जास्तच आण.

आणि स्पीकर उघडा ठेवू नकोस. चपलांचा रिकामा खोका घे, भोक पाडून त्यात बसव. अर्ध्या वॉटचा आवाजसुद्धा भरल्यासारखा वाटेल.

५ नंबरवर किती व्होल्ट आले ते रात्री कळव. आणि गाठ सोडलीस की फोन कर, स्पीकरजवळ धर. बाबाही ऐकायला बसणार आहेत.

तुझी,
आई