बायबल मायबोलीतून शिकवा

महोदय,

आम्ही दोन्ही मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतो. पुढे मुक्त विद्यालयातून दहावीला बसवू. सकाळचा पहिला तास बायबलचा. सुरुवातीला इंग्रजी चित्रांची पुस्तकं आणली. मुलं वचनं घडाघडा म्हणायची, पण अर्थ विचारला की गप्प. मग मत्तयाचा तेरावा अध्याय मराठीत वाचायला घेतला. मोहरीच्या दाण्याचा दाखला आला तशी धाकटी उठली, मिसळणाच्या डब्यातली मोहरी तळहातावर घेऊन आली. “एवढ्याशा दाण्याचं झाड? पाखरं बसतील एवढं?” लगेच कुंडीत पेरली. त्या दिवशी गणित राहिलं, राहू दे.

मुंबईत आमच्या ओळखीतले कितीतरी मराठी ख्रिस्ती पालक घरातही इंग्रजीतूनच प्रार्थना शिकवतात, याचं फार वाईट वाटतं. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. एवढं धन आपल्याच भाषेत असताना मुलांना त्यापासून लांब का ठेवायचं? रात्री झोपण्याआधी एक उतारा मोठ्याने वाचा. मुलं प्रश्न विचारतीलच. उत्तर येत नसेल तर चर्चच्या पाळकांना विचारा, मुलांसमोरच.

– एक आई, भायखळा, मुंबई