शेणफेक नव्हे, रानशेणी-फेक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण अमेरिकेतील उन्हाळी उत्सवांच्या छायाचित्रांचे एक पान दिले होते. त्यात विस्कॉन्सिन राज्यातील प्रेरी डू सॅक या गावच्या चित्राखाली ‘शेणफेकीत रमलेले ग्रामस्थ’ अशी ओळ आहे. ती ओळ चुकली आहे. ज्या भाषेत शेणफेक म्हटले की सावित्रीबाईंच्या लुगड्यावर पडलेले शेण आठवते, त्या भाषेत हा शब्द एका निरुपद्रवी खेळाला लावणे बरे दिसत नाही. शिवाय तिथे फेकतात ते शेण नसतेच. गोवरीही नसते, कारण गोवरी हाताने थापावी लागते. गुराने कुरणात टाकलेला पो उन्हात जागच्या जागी कडकडीत वाळला की जी चकती तयार होते, तिला आमच्या भागात रानशेणी म्हणतात, आणि तिथे फेकतात ती हीच. इतका नेमका शब्द घरात असताना आपण तो वापरला नाही, याचे एका निवृत्त शिक्षिकेला वाईट वाटले.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझा मुलगा मॅडिसनला राहतो आणि प्रेरी डू सॅक तिथून मोटारीने तासाभराच्याही आतले गाव आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिनाची सुटी असते. त्या सुटीबरोबर अमेरिकेचा उन्हाळा संपला असे लोक मानतात, आणि तिच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी ही स्पर्धा भरते. १९७५ पासून ती चालू आहे. स्पर्धकाने ढिगातून आपल्या पसंतीच्या दोन रानशेण्या निवडायच्या, फेकायच्या, आणि त्यांतली जी लांब जाईल ती धरायची. हातमोजे घालण्यास मनाई आहे; पकड नीट यावी म्हणून बोटे चाटण्यास मात्र परवानगी आहे, आणि ती घेणारेही मी पाहिले. ढिगाभोवती उभे राहून माणसे रानशेणी हातात तोलतात, टिचकी मारून पाहतात, कडा चाचपतात, अगदी आपण आठवड्याच्या बाजारात नारळ निवडावा तसे. जाड आणि जड निवडली तर ती हातातून सुटतानाच खाली पडते, फार पातळ निवडली तर हवेतच फुटते. माझ्या दोन्ही अशाच गेल्या.

हाच खेळ ओक्लाहोमा राज्यातल्या बीव्हर या गावी १९७० पासून दर एप्रिलमध्ये होतो आणि त्यामागचे कारण भूगोलाच्या पुस्तकात शोभावे असे आहे. त्या गवताळ प्रदेशात झाडे जवळपास नव्हती. तिथे वस्तीला आलेल्या पहिल्या कुटुंबांना चुलीसाठी लाकूड मिळेना, तेव्हा त्यांनी रानात पडलेल्या आधी गव्यांच्या आणि पुढे गुरांच्या शेण्या गोळा करून त्यांवर स्वयंपाक केला आणि हिवाळे काढले. विस्कॉन्सिनला झाडांची वाण नव्हती. तिथले कारण वेगळे, ते म्हणजे गायी. त्या राज्यातल्या मोटारींच्या नंबरपट्टीवरच ‘अमेरिकेची दुग्धभूमी’ असे छापलेले असते.

चित्रओळीचे एवढे बस झाले. माझी खरी तक्रार पानाच्या ‘अमेरिकेचे खुळे उत्सव’ या मथळ्याबद्दल आहे. त्या पानावर दहा-बारा चित्रे होती, पण हे लोक असे का करतात आणि त्यातून काय निघते, याबद्दल एक वाक्यही नव्हते. व्हर्जिनियातल्या चिंकोटीगचेच पाहा. ‘घोड्यांना समुद्रात ढकलण्याची प्रथा’ एवढेच आपण लिहिलेत. चिंकोटीग आणि असाटीग ही दोन बेटे शेजारी शेजारी आहेत. पहिल्यावर माणसे राहतात, दुसऱ्यावर अर्धरानटी तट्टांचे कळप. १९२० नंतरच्या काही वर्षांत आगींनी गावाचा मोठा भाग जळाला आणि विझवायला धड साधने नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी स्वयंसेवी अग्निशमन दल उभे केले. पंप घ्यायचा तर पैसा हवा. तट्टांना एकत्र हाकण्याची रीत बेटावर पूर्वीपासून होती. १९२५ मध्ये दलाने तिला जत्रेची जोड दिली, आणि तट्टे असाटीगहून पोहवत आणून शिंगरांचा लिलाव सुरू केला.

असाटीगच्या व्हर्जिनियातल्या भागावरचा कळप आज या अग्निशमन दलाच्याच मालकीचा आहे. बहुधा जुलैच्या शेवटच्या बुधवारी, भरती-ओहोटीच्या मधल्या काळात पाणी थबकते तेव्हा, घोडेस्वार स्वयंसेवक कळपाला खाडीत उतरवतात. पोहणे काही मिनिटांचेच असते, पण ते पाहण्यासाठी हजारो लोक चिखलात उभे असतात. गुरुवारी शिंगरांचा लिलाव होतो आणि शुक्रवारी मोठी तट्टे पोहत परत जातात. अगदी लहान शिंगरे आणि विण्याच्या बेतातल्या घोड्या पाण्यात घालत नाहीत, त्यांना गाडीतून नेतात. असाटीगची ती जमीन केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याची असल्याने तिथे चराई परवान्यावर चालते आणि दीडशेपेक्षा अधिक मोठी तट्टे ठेवता येत नाहीत. म्हणजे दरवर्षी काही शिंगरे विकली गेली नाहीत तर बेटावरचे गवतच पुरणार नाही. लिलावाचा पैसा अग्निशमन दलाला आणि तट्टांच्या औषधपाण्याला जातो. काही शिंगरांचा लिलाव तर असा होतो की बोली जिंकणाऱ्याने पैसे द्यायचे, शिंगराचे नाव ठेवायचे, आणि ते पुन्हा कळपात सोडून रिकाम्या हाताने घरी जायचे. या शिंगरांवरच्या बोल्याही चांगल्या चढतात म्हणे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पोहणे रद्द झाले, तेव्हा लिलाव ऑनलाइन घेतला गेला, कारण दलाचा खर्च थांबणारा नव्हता. यात खूळ कुठे आले, ते मला खरोखर कळले नाही.

कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयचा लसूण महोत्सव आपल्या पानावर ‘लसणाचे आइस्क्रीम’ एवढ्याच ओळीत उरकला आहे. आइस्क्रीम तिथे मिळत होते हे खरे. पण फ्रान्समधल्या आर्लू नावाच्या लहानशा गावाने स्वतःला लसणाची राजधानी म्हणवून घेतल्याचे गिलरॉयच्या कॉलेजप्रमुखाच्या वाचनात आले, आपल्या भागात एवढा लसूण पिकत असताना हा मान दुसऱ्याने का घ्यावा असे त्याला वाटले, आणि १९७९ मध्ये पहिला महोत्सव भरला. पाच हजार लोक येतील असा अंदाज होता, आले पंधरा हजार. पुढे जुलैअखेरच्या तीन दिवसांत लाखभर माणसे येऊ लागली. मला त्यातला हिशेब फार आवडतो: लसूण सोलणारा, वाहनतळावर उभा राहणारा, कचरा उचलणारा प्रत्येक स्वयंसेवक आपल्या कामाचे तास आपल्या पसंतीच्या शाळेच्या, क्रीडासंघाच्या किंवा सेवाभावी संस्थेच्या नावावर मांडत असे, आणि त्या तासांचे पैसे त्या संस्थेला मिळत. अशा रीतीने चाळीस वर्षांत एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम गावातच वाटली गेली. आपल्याकडच्या मंडळांच्या वर्गणीचा असा तासावारी हिशेब मी तरी कुठल्या फलकावर वाचलेला नाही. २८ जुलै २०१९ रोजी, महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, एका बंदूकधाऱ्याने तिथे गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला, त्यांत एक सहा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर विम्याचा खर्च इतका वाढला की २०२२ मध्ये संयोजकांनी महोत्सव बेमुदत थांबवला. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण पूर्वीच्या मानाने फारच लहान. हे सारे ‘खुळे’ या शब्दाखाली घालताना आपल्या उपसंपादकांचा हात थोडा थबकायला हवा होता.

ओहायोतल्या ट्विन्सबर्गचा जुळ्यांचा मेळा ऑगस्टच्या आरंभी भरतो. मोझेस आणि ॲरन विल्कॉक्स या जुळ्या भावांनी गावाला चौकासाठी सहा एकर जागा आणि शाळेसाठी वीस डॉलर देऊ केले आणि बदल्यात मिल्सव्हिल हे नाव बदलून जुळ्यांचे गाव असे नाव ठेवायला लावले. हे भाऊ १८२७ मध्ये काही तासांच्या अंतराने वारले आणि एकाच थडग्यात पुरले गेले. १९७६ च्या पहिल्या मेळ्याला ३७ जुळी आली होती. आता जगभरातून येतात, आणि आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिथे मांडव टाकून बसतात, कारण एवढी जुळी एका जागी त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

मथळ्यातला शब्द सर्वस्वी खोटा आहे असेही मी म्हणत नाही. कोलोरॅडोतल्या फ्रुटा गावी १९९९ पासून एका मुंडके नसलेल्या कोंबड्याचा उत्सव होतो. १९४५ च्या सप्टेंबरात मालकाचा घाव थोडा वर बसला, मेंदूचा देठ शाबूत राहिला, आणि तो कोंबडा दीड वर्ष जगला. ड्रॉपरने थेट अन्ननलिकेत अन्न घालून त्याला गावोगाव मिरवले. हे मला किळसवाणे वाटते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर चार जुलैला होणारी हॉटडॉग खाण्याची स्पर्धा तर मला उत्सवच वाटत नाही. २०२१ मध्ये एका इसमाने दहा मिनिटांत ७६ हॉटडॉग पावांसकट गिळले. ही स्पर्धा १९१६ पासून चालू असल्याचे सांगितले जाई, पण ती कथा आपण जाहिरातीसाठी रचली होती हे प्रसिद्धी पाहणाऱ्या गृहस्थानेच पुढे कबूल केले. प्रत्यक्षात सुरुवात १९७२ च्या सुमाराची. खुळा हा शब्द आपण या दोन चित्रांपुरता ठेवला असता, तर हे पत्र लिहायला मी बसलेच नसते.

माझ्या या चिडीचे एक घरगुती कारणही आहे, ते लपवत नाही. मी लोणंदची. आमच्या तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणून तो प्रसिद्ध आहे. दरवर्षी शहरातून कॅमेरे येतात, पाच मिनिटे हातवारे टिपतात आणि ‘अजब प्रथा’ म्हणून दाखवतात. हातवारे संपल्यावर त्याच बायका एकमेकींची विचारपूस करत घरी जातात, ते टिपायला कुणी थांबत नाही. प्रेरी डू सॅकला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंना मी आमच्या बाराबद्दल सांगितले, तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की कोणत्या गावाची सरशी झाली हे ठरवते कोण? मला उत्तर देता आले नाही. सरशी कुणाची होतच नाही, असे काहीतरी मी सांगितले.

पुढच्या अंकात निदान चित्रओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. ‘शेणफेक’च्या जागी ‘रानशेणी-फेक’ असे हवे.

कळावे, लोभ असावा.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, लोणंद (जि. सातारा)