विज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र: दुर्बिणीला पैसे दिलेत, आता तिच्या डेटाचंही बघा

मंत्रीमहोदय, नमस्कार.

नव्या दुर्बिणीचं उद्घाटन म्हटलं की फीत, फोटो, भाषण सगळं होतं, त्याला माझी अजिबात ना नाही, पण त्या दुर्बिणीतून रोज रात्री जे बाहेर पडतं ते ठेवायचं कुठे आणि वाचायचं कसं, हे विचारायला त्या दिवशी मांडवात कोणी नसतं. म्हणून हे पत्र.

मी खगोलशास्त्राच्या डेटावर काम करतो. खरं सांगायचं तर आकाशाकडे कमी आणि डाउनलोडच्या टक्क्यांकडेच जास्त बघतो.

चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरची व्हेरा रुबिन वेधशाळा घ्या. कॅमेरा 3200 मेगापिक्सेलचा, एका रात्रीचा डेटा साधारण 20 टेराबाइट आणि आकाशाचा सर्व्हे चालणार 10 वर्षं. आता 100 एमबीपीएसची लाइन एकदाही न तुटता फुल स्पीडने चालली (हसू नका) तरी एका रात्रीचा डेटा उतरवायला 18 दिवस लागतात, तोवर तिकडे आणखी 18 रात्रींचा डेटा जमलेला असतो. आणि आमच्या अनुदानाच्या फॉर्ममध्ये अजूनही रकाना काय, तर 'डेटा आणून ठेवण्यासाठी लागणारा सर्व्हर'!

डेटा आणायचाच नाही, आपला प्रोग्राम डेटाकडे पाठवायचा. ही काही नवी आयडिया नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स सालाय यांनी 2001 मध्ये स्लोन या आकाशाच्या सर्व्हेसाठी स्कायसर्व्हर ही वेबसाइट सुरू केली ती याच विचाराने, की प्रश्न तुम्ही ब्राउझरमध्ये लिहा, शोधाशोध तिकडे होईल आणि तुमच्याकडे फक्त उत्तर येईल. रुबिनवालेही तेच करतायत. मोठा साठा कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत आणि संशोधक जिथे लॉगिन करून नोटबुक (ब्राउझरमध्येच प्रोग्राम लिहायचं पान) उघडतात तो भाग गूगल क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या गूगलच्या मशीनवर. हबल या अंतराळ दुर्बिणीचा सार्वजनिक डेटा तर कित्येक वर्षं अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर फुकट पडून आहे, साधा लॅपटॉप असलेली पोरंही त्यावर काम करू शकतात.

अरेसिबोचं आठवतंय का? पोर्टो रिकोतली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण, 2020 च्या ऑगस्टमध्ये तिची एक केबल सुटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि 1 डिसेंबरला वरचा 900 टनांचा सांगाडा खालच्या डिशवर कोसळला. अर्ध्या शतकाची निरीक्षणं, 3 पेटाबाइटच्या (म्हणजे 3000 टेराबाइटच्या) वर, त्याच जागेवर टेप आणि डिस्कवर होती. नशीब की ती वाचली. नंतर ती टेक्सासच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये हलवली, आणि अरेसिबोतली लाइन एवढी तोकडी की काही डिस्क गाडीत घालून चांगलं नेट असलेल्या ठिकाणी न्याव्या लागल्या. पडलेली दुर्बीण परत बांधता येईल, पण 1980 सालचा पल्सारचा (रेडिओ लहरींचे ठोके देत गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याचा) सिग्नल परत कुठून आणायचा?

आता तुमचे अधिकारी म्हणतील, क्लाउड महाग पडतो. पडतो, खोटं कशाला बोलू. मी स्वतः एका शुक्रवारी जीपीयूवाली (जड गणितं झटपट करणाऱ्या महागड्या चिपची) मशीन बंद करायची विसरलो आणि सोमवारी बिल बघून चहासुद्धा घशाखाली उतरेना. शिवाय डेटा आत टाकायला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत पण बाहेर काढायला लागतात, आणि खरी मेख तिथेच आहे. वर्षभर चोवीस तास एकसारखं चालणारं काम असेल तर स्वतःचे सर्व्हर स्वस्त पडतात, ते तिथेच ठेवा ना. पण आमचं काम तसं नसतं. तीन आठवडे काहीच नाही आणि मग एकदम 50 मशीन 3 तासांसाठी हव्या असतात. क्लाउडवर 3 मशीन 50 तास चालवल्या काय न् 50 मशीन 3 तास चालवल्या काय, बिल जवळपास तेच, फक्त उत्तर दोन दिवसांनी यायच्या ऐवजी दुपारच्या जेवणापर्यंत येतं.

अडतंय कुठे, तर हिशोबाच्या वहीत. सर्व्हर घेतला की ती मालमत्ता होते, तिच्यावर नंबर पडतो, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते, ऑडिटवाले खूश. क्लाउडचं बिल म्हणजे नुसता खर्च, दाखवायला हातात काहीच नाही, म्हणून प्रस्तावातली ती ओळ पहिल्यांदा कापली जाते. मग आम्ही सर्व्हर मागतो, निविदा, शेरे, फेरनिविदा, आणि तो येईपर्यंत ज्याच्यासाठी मागवला त्या विद्यार्थ्याची पीएचडी संपत आलेली असते. आमच्याकडचा एक सर्व्हर तर खोक्यातच म्हातारा झाला.

त्यामुळे मागणं फार मोठं नाही. अनुदानात 'संगणन सेवा' असा वेगळा हेड द्या आणि तो प्रकल्प संपेपर्यंत चालू राहू द्या, दर मार्चला नव्याने भीक मागायला लावू नका. प्रत्येक संस्थेने वेगळा करार करण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच करार करा, डेटा बाहेर काढायचा दर त्यात आधीच लिहून घ्या, आणि मूळ डेटाची एक प्रत कायम आपल्या ताब्यात राहील हेही, नाहीतर उद्या कंपनीने दर वाढवले की आपण अडकलो. एसकेए ही अनेक देश मिळून बांधत असलेली रेडिओ दुर्बीण पूर्ण चालू झाली की वर्षाला 700 पेटाबाइटच्या आसपास डेटा साठवायचा आहे, तो एका छताखाली मावणार नाही म्हणून देशोदेशीच्या केंद्रांचं जाळं उभं राहतंय. त्या जाळ्यात शिरायचं असेल तर हे करार आत्ताच करायला लागतील.

खोक्यातल्या त्या सर्व्हरची वॉरंटी मात्र संपली, तो आता कोणाला हवा असेल तर कळवा.

आपला,
डाउनलोड संपायची वाट बघणारा एक संशोधक