कच्च्या धावपट्टीवरच्या अपघाताची बातमी देताना

संपादक महोदय,

डोंगरातल्या गवताच्या नाहीतर मातीच्या पट्टीवरून उडताना छोटं विमान पडलं की बातमीत ठरलेलं वाक्य येतं, इंजिन बिघडलं किंवा वैमानिकाचा ताबा सुटला. मी स्वतः असली विमानं उडवतो म्हणून लिहितोय, यातल्या बऱ्याच अपघातांत इंजिन शेवटपर्यंत व्यवस्थित चालू असतं.

मुळात उंचीवर आणि उन्हात हवा विरळ असते. ५००० फूट उंचीवर प्रमाण तापमान ५ अंश धरतात, तिथे दुपारी ३० अंश झाले की विमान जणू ८००० फुटांवरून उडतंय, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची जवळपास पाव ताकद तिथेच जाते, शिवाय प्रोपेलर आणि पंखही कमी जोर देतात. त्यात गवत! ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीचा हिशोब असा की वजन १० टक्के वाढलं तर टेकऑफचं अंतर २० टक्के वाढतं, ओल्या गवताचे ३० टक्के वेगळे, आणि हे नुसते मिळवायचे नाहीत, गुणायचे, म्हणजे ४०० मीटरचं काम ६२० च्या वर जातं आणि पट्टी संपते तिथे तर झाडं उभी असतात.

सगळ्यात फसवा असतो तो ग्राउंड इफेक्ट. जमिनीलगत विमान कमी वेगातही उचलतं, वाटतं झालं काम, पण जरा वर गेलं की तो आधार जातो, विमान चढेना आणि झाडं जवळ येताना दिसतात म्हणून माणूस नाक अजून वर ओढतो, तिथेच स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते आणि विमान खाली येतं. शिकत असताना मीही असंच ओढलं होतं, शेजारच्या सरांनी नाक खाली दाबून वेग येऊ दिला म्हणून वाचलो, तो क्षण अजून विसरलेलो नाही.

यावर साधा नियम आहे, अर्ध्या पट्टीपर्यंत उडायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) बंद करून थांबायचं. अर्धी पट्टी कुठे ती खूण मात्र निघायच्या आधीच चालत जाऊन ठरवायची, धावताना हे सुचत नाही.

म्हणून बातमीदारांना विनंती, पुढच्या वेळी एवढं तरी विचारा की तापमान किती होतं, माणसं आणि सामान मिळून वजन किती होतं, गवत ओलं होतं का, वारा पाठीमागून होता का. नवीन शिकणारी मुलं या बातम्या वाचतात.

आपला,
एक हौशी वैमानिक