उंदीर मोजता, तसा त्याच्या कानाचा तुकडाही ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की लेप्टोच्या (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाच्या) धास्तीने मुंबईत उंदीर मारण्याच्या मोहिमेला जोर येतो. बिळांत गोळ्या टाकतात, रात्रपाळीचे मूषक संहारक मारलेले उंदीर मोजून देतात आणि काही महिन्यांत त्याच गल्लीत पुन्हा उंदीर. हे वाचलेल्यांची पिल्ले की शेजारून आलेले? मोजदादीतून ते कळत नाही, डीएनएवरून कळते. पिल्ले असतील तर गोळ्या सगळ्या बिळांपर्यंत पोचलेल्या नाहीत. बाहेरचे असतील तर आधी नाल्याची तोंडे आणि केबलचे मार्ग बंद करायला हवेत.

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर हिमनद्यांच्या दोन बाजूंचे उंदीर एकमेकांत मिसळत नाहीत, हे डीएनएने दाखवले. म्हणूनच २०११ ते २०१५ दरम्यान बेटाचे एकेक भाग धरून विष टाकता आले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. आपले वॉर्ड मात्र कागदावरच्या रेषा आहेत, उंदीर त्या पाळत नाहीत.

मुंबईत आधी उंदराची जात (प्रजाती) ओळखावी लागते. शेपूट अंगापेक्षा लांब असलेला काळा उंदीर भारतीय द्वीपकल्पातलाच. आखूड शेपटीचा तपकिरी उंदीर मूळचा उत्तर चीन-मंगोलियाकडचा, जहाजांतून जगभर गेलेला, बंदरालगत सापडणारा. घूस तिसरीच. पिल्लांत डोळे फसतात, तिथे सायटोक्रोम-बी हे जनुक वाचले की जात पक्की कळते.

नमुना घेणे अवघड नाही. हातमोजे घालून, उंदीर ताजा असतानाच कानाच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटर तुकडा कापावा आणि ९५ टक्के इथेनॉलच्या कुपीत बुडवावा. इथल्या उकाड्यात सकाळपर्यंत थांबलात तर डीएनए सडू लागतो. फॉर्मालिन अजिबात नको, त्यात तो तुटतो. कात्री दर उंदरामागे ब्लीचमध्ये बुडवून धुवावी, नाहीतर एकाचे रक्त दुसऱ्याच्या कुपीत जाते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीत टाकावी, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण मोबाइलवरून अक्षांश-रेखांशासह नोंदवावे. नुसते ‘जी दक्षिण’ असे वॉर्डाचे नाव लिहिले तर वरळी कोळीवाडा आणि लोअर परळ एकच होऊन बसतात.

एका ठिकाणचे वीस-तीस नमुने हवेत, पण एका बिळातून एकच. सख्खी भावंडे भरली की ती वस्तीच वेगळ्या कुळाची भासते. पेशीतल्या मायटोकाँड्रिया या ऊर्जा बनवणाऱ्या घटकाचा डीएनए फक्त आईकडून येतो, तो दूरचे मूळ सांगतो. कालपरवा कोण कुठून आले, यासाठी डीएनएतल्या, मायक्रोसॅटेलाइट म्हणतात त्या, दहा-पंधरा खुणा तपासाव्या लागतात.

मोहिमेआधीचे नमुनेच नसतील तर नंतरचे कशाशी ताडून पाहणार? म्हणून पहिल्या कुप्या यंदाच्या गोळ्या पडण्याआधी भरल्या गेल्या पाहिजेत, आणि शेजारच्या वस्तीतल्याही.

– प्राणिशास्त्राचे अभ्यासक, परळ, मुंबई